भर उन्हाळ्यात पीटीओ डायनोवर ट्रॅक्टर: इंजिन तापू न देता चाचणी कशी घ्यावी

‘ट्रॅक्टर तापतो’ ही तक्रार विदर्भातल्या वर्कशॉपवर मुख्यतः दोन हंगामांत येते. मे महिन्यात रोटाव्हेटर सुरू झाले की एकदा, आणि दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी लागली की दुसऱ्यांदा. मळणीची तक्रार डायनोशी, म्हणजे पीटीओला (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टला) जोडून इंजिनवर लोड देणाऱ्या आणि एचपी मोजणाऱ्या यंत्राशी, जास्त जुळते. थ्रेशरवर ट्रॅक्टर एका जागी उभा असतो, पीटीओवर तासन्‌तास पूर्ण लोड असतो आणि रेडिएटरने टाकलेली गरम हवा तिथंच घुटमळत राहते. वर कुटार (मळणीचा भुसा) उडत असतं ते वेगळंच. डायनोवर कुटार वगळता बाकी सगळं तसंच घडतं. म्हणून डायनोवर काटा लाल पट्ट्यात गेला की लगेच रेडिएटर खोलायला घेऊ नये. आधी रेडिएटरच्या तोंडाशी हवा किती गरम आहे ते बघावं. माझ्या पाहण्यात अर्ध्याहून जास्त वेळा दोष शेडचा निघतो आणि बिल मात्र रेडिएटरच्या नावावर फाटतं.

उष्णता किती आणि जाते कुठं

तयारीला लागण्याआधी थोडं गणित हवं, कारण टाकी, पंप, पंखा हे सगळं त्यावरच ठरतं. ५० एचपीचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण ११ लिटर डिझेल पितं. एका लिटरमध्ये सुमारे ८,६०० किलोकॅलरी असतात, म्हणजे तासाला ९४-९५ हजार. त्यातला तिसरा हिस्सा क्रँकशाफ्टवर ताकद म्हणून मिळतो. पाव ते तीस टक्के, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर, कूलंटमार्फत (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यामार्फत) रेडिएटरला जातात. उरलेलं सायलेन्सरमधून आणि इंजिनच्या अंगावरून बाहेर पडतं.

शेतात ताकद मातीत जाते. डायनोवर ती जायला जागा नसते, तिचीही उष्णताच होते. एक एचपी म्हणजे तासाला ६३२ किलोकॅलरी. पीटीओवर ४५ एचपी मिळत असेल तर डायनोच्या पाण्यात तासाला २८,४०० किलोकॅलरी उतरतात. थोडक्यात, एकाच शेडमध्ये दोन भट्ट्या पेटलेल्या असतात, ट्रॅक्टरच्या पुढं एक आणि मागं एक. पुढची सगळ्यांना दिसते, मागचीकडं दुर्लक्ष होतं.

आधी जागा बघा

ट्रॅक्टरचा पंखा समोरून हवा ओढतो आणि इंजिनवरून मागं फेकतो. त्यामुळं ट्रॅक्टरचं नाक शेडच्या दाराबाहेर किंवा निदान दाराच्या तोंडाशी असायला हवं. मी तर पुढची चाकं बाहेर आणि डायनो आत असाच लावतो. सायलेन्सर उभा असेल तर वर पत्र्याला जाळ लागणार नाही, एवढी जागा सोडा. पूर्ण लोडवर धूर पाचशे-सहाशे अंशांचा असतो. जिनिंगच्या गावात शेडच्या कैच्यांवर कापसाचे तंतू, बाजूला पऱ्हाट्यांचा ढीग, हे नेहमीचं दृश्य. पाईप जोडून धूर बाहेर काढा आणि ते तंतू आदल्या दिवशीच झाडून घ्या. बंद शेडमध्ये धूर साचू देणं जिवावर बेतू शकतं, हे सांगायला नको.

वारा कुठून येतो ते बघून नाक तिकडं करा. उन्हाळ्यात आपल्याकडं वारा बहुतेक पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून असतो. तो मागून आला तर रेडिएटरने फेकलेली हवा वळून परत पुढं येते, आणि खेळ तिथंच बिघडतो. पूर्ण लोडवर रेडिएटरमधून निघणारी हवा आत गेलेल्या हवेपेक्षा वीसेक अंश गरम असते. तिच्यातली पाव हवा जरी फिरून पुढं आली, तरी रेडिएटरला मिळणारी हवा बाहेरच्यापेक्षा सहा-सात अंशांनी वर जाते. कूलंटही जवळजवळ तेवढंच वर चढतं. बाहेर ४३ असताना इंजिनला मात्र पन्नासचा उन्हाळा लागलेला असतो.

यावर उपाय स्वस्त आहे. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, रेडिएटरच्या रेषेत, ताडपत्री किंवा जुना बारदाना जमिनीपर्यंत आडवा ताणून बांधा. पुढची गार हवा आणि मागची गरम हवा वेगळी राहते. खालची फट विसरू नका. रेडिएटरच्या खालून, पुढच्या एक्सलजवळून गरम हवा चोरून पुढं येते. तिथं पुठ्ठा कापून बसवला तरी चालतो, फक्त तो पंख्यात ओढला जाणार नाही इतका पक्का बांधा.

मॅन कूलर पंखा असेल तर तो नाकासमोर दीडेक मीटरवर, बाहेरची हवा घेईल असा ठेवा. शेडच्या आत ठेवलेला पंखा आतलीच गरम हवा ढवळत बसतो. त्यापेक्षा मागच्या भिंतीला वरच्या अंगाला एक एक्झॉस्ट फॅन लावलेला बरा. आणि अंगणात मोठं कडुलिंबाचं झाड असेल, डायनो ट्रॉलीवरचा असेल, तर शेडचा नाद सोडा आणि झाडाखाली चाचणी घ्या. टिनाच्या शेडपेक्षा ते केव्हाही चांगलं.

डायनोचं पाणी

हवेवर थंड होणारा डायनो (एडी करंट, म्हणजे विजेच्या चुंबकाने लोड देणारा, किंवा दुसरा) असेल तर हा भाग सोडून दिला तरी चालेल, फक्त त्याची गरम हवाही शेडबाहेर काढा. वॉटर ब्रेकवाल्यांनी, म्हणजे ज्यांचा डायनो पाण्याच्या जोरावर लोड देतो त्यांनी, मात्र नीट वाचावं.

४५ एचपीला, पाणी आत-बाहेर होताना वीस अंश तापू द्यायचं असेल, तर मिनिटाला २४ लिटर पाणी लागतं. बाहेर पडणारं पाणी साठ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढं क्षार आत भराभर धरतात, वाफेचे बुडबुडे होतात आणि लोडचा काटा नाचायला लागतो. समजा हजार लिटरच्या टाकीतलं पाणी तुम्ही फिरवताय. गार करायची काही सोय नसेल, तर ते तासाला २८ अंशांनी चढतं. मे महिन्यात दुपारी काळ्या टाकीतलं पाणी आधीच चाळीसला टेकलेलं असतं. तिथून सुरुवात केली आणि आत-बाहेरचा वीस अंशांचा फरक धरला, तर साठची मर्यादा पहिल्या मिनिटालाच गाठली. म्हणून टाकी सावलीत हवी, शक्यतो जमिनीतलं टाकं, आणि पाणी आदल्या रात्रीचं गार झालेलं.

चाचणी लांबवायची असेल तर पाणी गार करायची सोय लागेल. त्यासाठी आपल्या उन्हाळ्यासारखा मदतनीस नाही. मे महिन्यात वर्धा-चंद्रपूरकडं पारा ४४-४५ असला तरी हवा इतकी कोरडी असते की ओला फडका गुंडाळलेला थर्मामीटर तेवीस-चोवीस अंशांपर्यंत उतरतो. घरातला कूलर याच जोरावर चालतो. परतीचं पाणी उंचावरून शॉवरसारखं सोडा, मधे कूलरच्या वाळ्याच्या ताट्या किंवा जाळ्या उभ्या करा, बाजूने पंखा मारा. पाणी टाक्यात पडेपर्यंत चांगलंच उतरतं. सगळी उष्णता बाष्पीभवनाने काढली तरी ४५ एचपीला तासाला पन्नासेक लिटर पाणीच उडतं, म्हणजे तीन-चार बादल्या. टंचाईच्या गावातही हे परवडतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मात्र ही युक्ती निम्मीही चालत नाही, तेव्हा पाण्याचा साठा वाढवावा लागतो.

पाणी कोणतं, हाही प्रश्न आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी डायनोत फिरवणं म्हणजे आत मिठाचा थर बसवून घेणं. तिथं पावसाचं साठवलेलं किंवा नळयोजनेचं पाणी वापरा. इतरत्रही बोअरचं पाणी जडच असतं. ताट्यांवरून पाणी उडतं तसे मागं उरलेल्या पाण्यात क्षार वाढत जातात, म्हणून काही चाचण्यांनंतर टाकं पूर्ण उपसून नवं भरावं. रेडिएटरला तर बोअरचं पाणी नकोच. तयार कूलंट किंवा कूलंट आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, एवढंच.

राहिली वीज. चाचणीच्या ऐन मध्यात लाईन गेली की पंप थांबतो, ब्रेकमधलं पाणी निघून जातं आणि लोड एकदम सुटतो. गव्हर्नर (इंजिनचा वेग आपोआप आवरणारा भाग) इंजिनला सांभाळतो, पण आरपीएम झटक्यात वर उडतात आणि डायनोचे सील कोरडे घासतात. पंप जनरेटरवर ठेवा, किंवा उंच स्टँडवर दोनशे लिटरचा राखीव ड्रम ठेवून त्याची लाईन जोडून ठेवा. तेवढं पाणी उतरेपर्यंत लोड शांतपणे काढता येतो.

ट्रॅक्टरची तयारी

ही कामं इंजिन थंड असताना करायची. रेडिएटरची जाळी काढून कॉम्प्रेसरची हवा पंख्याच्या बाजूने पुढच्या बाजूला मारा, म्हणजे ज्या वाटेने कचरा आला त्याच वाटेने तो बाहेर पडेल. समोरून मारली तर कुटार आणि कापसाचे तंतू आणखी आत रुततात. वॉशिंगच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पंख वाकतात, मग हवा जाणार कुठून? पुढं ऑईल कूलर असेल तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. कुटाराचा सगळ्यात जाड थर तिथंच सापडतो, बाहेरून रेडिएटर चकाचक दिसत असला तरी.

बेल्ट अंगठ्याने दाबून दहा-पंधरा मिलिमीटर दबला पाहिजे. त्याहून ढिला असेल तर लोडवर घसरतो, आणि पंखा व पंप दोन्ही मंद होतात. पंख्याभोवतीचं श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून बसवलेलं गोल आवरण) जागेवर आहे का ते बघा. फुटलं म्हणून काढून फेकलेली श्राउडं पुष्कळ ट्रॅक्टरांवर दिसतात. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची हवा घुसळतो. ओव्हरहॉलनंतर पंखा उलटा बसवलेला असेल तरी हवा त्याच दिशेने जाते, फक्त कमी. त्यामुळं हात लावून कळत नाही, पात्याचा बाक डोळ्यांनी तपासावा लागतो.

रेडिएटर कॅपचं रबर चिरलेलं असेल तर कॅप बदला. दाबामुळंच कूलंट उकळायचा बिंदू वर राहतो. ०.९ बारच्या चांगल्या कॅपखाली साधं पाणीसुद्धा ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप गळकी असेल तर ते शंभरलाच फसफसतं.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट गरम झाल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. ‘तापतो ना, मग व्हॉल्व्ह काढून टाक’ हा गावोगावचा रामबाण उपाय. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की तोच बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्यातला एक हिस्सा रेडिएटरला न जाता थेट इंजिनात परततो. लोडवर त्यामुळं उलट जास्त तापतं, आणि सकाळी इंजिन गरम व्हायला वेळ लागतो तो वेगळा. जुना व्हॉल्व्ह पातेल्यात पाण्यात टांगून गॅसवर ठेवा, थर्मामीटर सोडा. त्यावर ८२ लिहिलेलं असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि साधारण ९५ पर्यंत पूर्ण उघडला पाहिजे.

डिझेलची टाकी भरून घ्या. रिटर्नचं गरम डिझेल टाकीत परत येत राहतं आणि अर्धी टाकी लवकर तापते. डिझेल वीस अंशांनी तापलं की तेवढ्याच मापात वजन दीड-पावणेदोन टक्क्यांनी कमी भरतं. तेवढा एचपी कागदावर कमी दिसतो आणि दोष विनाकारण डिझेल पंपावर जातो.

काय आणि कुठं मोजायचं

मीटरच्या काट्यावर चाचणी घेऊ नका. किमान चार ठिकाणची तापमानं हवीत: रेडिएटरच्या तोंडाशी हवा, वरचा होज (इंजिनातून रेडिएटरला जाणारी नळी), खालचा होज (रेडिएटरमधून इंजिनात परतणारी) आणि इंजिन ऑईल. तारेचे सेन्सर होजच्या धातूच्या नळीवर बांधून वर कापडी पट्टी गुंडाळली तर बरोबर आकडा मिळतो. टेम्परेचर गन वापरत असाल तर चकचकीत धातूवर ती कमी दाखवते. तिथं काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर नेम धरा. हवेचा सेन्सर जाळीपासून वीतभर पुढं, सावलीत टांगा. मोबाईलवर दिसणाऱ्या गावाच्या तापमानाचा इथं काही उपयोग नाही.

लोड देताना

पीटीओ शाफ्ट सरळ रेषेत आहे, गार्ड बसलेला आहे, हे बघा. शाफ्टच्या आसपास खांद्यावर दुपट्टा असलेला माणूस उभा राहू देऊ नका, मग तो ट्रॅक्टरचा मालक असला तरी. ४५ एचपीला ५४० आरपीएमवर त्या शाफ्टमध्ये जवळजवळ ५८५ न्यूटन मीटर पीळ असतो.

आधी डायनोत पाणी सोडा, मग पीटीओ जोडा. हलक्या लोडवर दहा-पंधरा मिनिटं चालवून कूलंट ऐंशीच्या आसपास आणि ऑईल साठच्या वर आणा. थंड इंजिनावर पूर्ण लोड टाकला तर पिस्टन लायनरला घासतो. मग हँड थ्रॉटल पूर्ण उघडून लोड पाव, अर्धा, पाऊण असा चढवा. प्रत्येक टप्प्यावर तीन ते पाच मिनिटं थांबून आकडे लिहा. पाऊण लोडवरच हवा आणि कूलंट यांच्यातला फरक नेहमीपेक्षा जास्त दिसला तर पुढं जाऊ नका.

पूर्ण लोडवर तापमान स्थिर होईपर्यंत थांबायचं. वरच्या होजचा आकडा पाच मिनिटांत एका अंशापेक्षा जास्त हलला नाही, की स्थिर समजा. बहुतेक ट्रॅक्टरांना याला दहा ते वीस मिनिटं लागतात. दोन मिनिटांत एचपी बघून लोड काढणाऱ्यांना कूलिंगबद्दल काहीच कळत नाही, कारण तेवढ्यात लोखंडही नीट तापलेलं नसतं.

यानंतर लोड वाढवून आरपीएम खाली ओढायचे असतील, जास्तीत जास्त टॉर्क बघण्यासाठी, तर तेवढं झटपट उरका. आरपीएम उतरले की पंखा आणि वॉटर पंपही मंद होतात, पण प्रत्येक स्ट्रोकला जळणारं डिझेल तेवढंच किंवा थोडं जास्तच असतं. तापमान याच टप्प्यावर सगळ्यात वेगाने चढतं. आकडा मिळाला की लगेच लोड हलका करा.

माझी स्वतःची मर्यादा कूलंटला १०२ आणि ऑईलला १२५ अंश. कंपनीच्या पुस्तिकेत कमी दिली असेल तर ती पाळा.

मर्यादा ओलांडलीच तर पहिलं काम लोड काढणं. इंजिन बंद करू नका. थ्रॉटल बाराशे-पंधराशेवर ठेवा, पंखा आणि पंप फिरत राहू द्या. झटक्यात बंद केलं तर पाणी जागेवर थांबतं आणि हेडमध्ये उकळतं. होज फुटून कूलंटच वाहून गेलं असेल तर मात्र लगेच बंद, कारण फिरवायला पाणीच उरलेलं नसतं. ब्लॉकवर बादली ओतणाऱ्या हौशी मदतनिसांना लांब ठेवा, हेडला तडा जातो. गरम कॅप फिरवायची नाही. रेडिएटरवर बारीक फवारा मारला तर काटा उतरतो हे खरं, पण मग चाचणीला अर्थ राहत नाही आणि जड पाण्याचे क्षार पंखांवर पांढरे होऊन बसतात. अडचणीत ठीक, सवय नको.

आकड्यांवरून दोष ओळखणं

वरचा होज आणि खालचा होज यांच्यात पूर्ण लोडवर पाच ते दहा अंशांचा फरक असतो. पंधराच्या वर गेला तर रेडिएटर उष्णता टाकतोय, पण पाणी हळू फिरतंय. पंप, बेल्ट, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट किंवा क्षारांनी भरलेल्या नळ्या बघा. फरक चार-पाचच आहे आणि दोन्ही होज रट्ट तापलेत, तर पाणी व्यवस्थित फिरतंय, हवा कमी पडतेय. जाळी, श्राउड, पंखा आणि तुमची ताडपत्री बघा. दोन्ही नीट असूनही तापत असेल तर इंजिनच जास्त उष्णता टाकत असणार: डिझेल पंपावर डिझेल वाढवून ठेवलेलं, टायमिंग हललेलं, किंवा हेड गॅस्केट गळतंय. गॅस्केट गळत असेल तर ओव्हरफ्लोची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवल्यावर लोड चढताच बुडबुडे सुटतात आणि लोड काढला की कमी होतात.

दुसरा उपयोगी आकडा म्हणजे कूलंट वजा रेडिएटरसमोरची हवा. तोच लोड असेल आणि थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असेल, तर हा फरक हवा कितीही असो, जवळजवळ तेवढाच राहतो. समजा सकाळी सात वाजता समोरची हवा ३२ आणि थर्मोस्टॅट उघडा अडकवून कूलंट ८४ मिळालं. फरक ५२. मग दुपारी ४५ च्या हवेत हेच इंजिन ९७ ला जाईल आणि १०२ ची मर्यादा ५० अंशांच्या हवेत गाठेल. भर दुपारी ट्रॅक्टरला भाजून काढायची गरज नाही, सकाळच्या गारव्यात मे महिन्याचा निकाल कळतो. फक्त थर्मोस्टॅट अडकवायचा तो उघड्या स्थितीत, काढायचा नाही. कारण वर दिलंय.

तुमच्या मॉडेलला हा फरक किती असायला हवा, हे पडताळायचं असेल तर बुदनीच्या केंद्रीय संस्थेचे ट्रॅक्टर चाचणी अहवाल चाळा. मध्य प्रदेशातली ही संस्था पीटीओवरची चाचणी नेहमीच्या हवेत आणि ४३ अंशांच्या आसपासच्या उष्ण हवेत, अशी दोन्हीकडं घेते, आणि कूलंट व इंजिन ऑईलचं कमाल तापमान अहवालात छापते. गिऱ्हाइकाला समजावताना तो कागद फार कामाचा.

स्टँडवरचं सुटं इंजिन

रेडिएटर नसताना दोनशे लिटरचा ड्रम जोडून काम भागवतात. ५० एचपीला पूर्ण लोडवर ते पाणी ३५ वरून ८५ ला सुमारे चोवीस मिनिटांत पोचतं, तेवढ्यात आटोपत असेल तर ठीक. बोअरचा पाईप थेट ब्लॉकला जोडणं मात्र चूक: एका बाजूने तिशीतलं पाणी, दुसऱ्या बाजूने तापलेला लायनर. मधे ड्रम ठेवा, बोअरचं पाणी ड्रममध्ये थोडं थोडं सोडा आणि इंजिनातून निघणारं पाणी ऐंशी-पंचाऐंशीवर धरा. आत जाणारं त्याहून दहा अंशांपेक्षा जास्त गार नको. जास्त गार इंजिन ताकदही कमी दाखवतं.

चाचणी संपल्यावर

लोड टप्प्याटप्प्याने उतरवा आणि तीन ते पाच मिनिटं बिनलोड चालवा, टर्बो असेल तर पाचच. पीटीओ सोडा, मग डायनोचं पाणी बंद करा, हाच क्रम. ब्रेकमधलं पाणी काढून टाका, नाहीतर पुढच्या चाचणीपर्यंत आत गंज आणि क्षार दोन्ही धरतात. इंजिन पूर्ण निवल्यावर कॅप उघडून कूलंटची पातळी बघा. पेलाभराहून जास्त उतरली असेल तर होजचे क्लिप आणि वॉटर पंपाचं खालचं छिद्र तपासल्याशिवाय ट्रॅक्टर मालकाच्या हवाली करू नका. जॉब कार्डावर एचपीच्या शेजारी समोरच्या हवेचा आकडा आणि तो फरक लिहून ठेवा, म्हणजे दिवाळीत थ्रेशरवरून फोन आला की दोष इंजिनचा की कुटाराचा, हे फोनवरच सांगता येतं.